बिडी सुटते, पण तिच्या जागी काय?

नागपूर-तुळजापूर महामार्गाने यवतमाळ आणि आर्णी मागे टाकले की उमरखेडच्या अलीकडे महागाव लागते. यवतमाळ जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन, तूर पिकवणारा मुलूख आणि दक्षिणेला पैनगंगा. इथल्या एखाद्या पानठेल्यापाशी दहा मिनिटे थांबले, तर कापसाचा भाव, पावसाचा अंदाज, कुणाच्या मुलीचे लग्न, बँकेची नोटीस असे सगळे विषय कानावर पडतात. या बोलण्याच्या सोबतीनेच बिडी पेटते आणि पन्नीत घोटलेला खर्रा हातोहात फिरतो.

कर्ज, नापिकी आणि शेतकरी आत्महत्या यांमुळे यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर गेले. अशा मुलखात बिडी ही सगळ्यांत स्वस्त विश्रांती असते. फवारणी करून आलेला माणूस बांधावर टेकतो, एक बिडी शिलगावतो आणि पाच मिनिटे त्याला कुणी उठवत नाही. त्याला ‘सोड’ म्हणणे सोपे आहे. पण बिडी गेली की त्या पाच मिनिटांचे काय होणार, हे त्याला कुणी सांगत नाही. म्हणून तो दोन दिवस सोडतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ठेल्यावर दिसतो.

तंबाखू आपल्याकडे येऊन चारशे वर्षे झाली. या काळात बादशहांनी, सुलतानांनी, मुज्तहिदांनी, संतांनी आणि सरकारांनी ती सोडवण्याचे प्रयत्न केले. त्यांतले बरेच का फसले आणि थोडे का टिकले, याचा इतिहास आज बिडी सोडू पाहणाऱ्याच्या कामाचा आहे.

विजापूरहून निघालेली नळी

अमेरिकेतली ही वनस्पती पोर्तुगीजांच्या जहाजांतून दख्खनच्या किनाऱ्यावर उतरली. उत्तरेच्या मोगल दरबारात ती पोहोचली ती आदिलशाही विजापुरातून. इब्राहिम आदिलशाह दुसरा याची मुलगी शहजादा दानियाल याला देण्याचे ठरले होते. त्या कामासाठी अकबराने असद बेग या सरदाराला विजापूरला पाठवले होते. तिथे त्याला तंबाखू दिसली. उत्तरेत अशी चीज त्याने कधी पाहिली नव्हती. १६०४च्या सुमारास परतताना त्याने ती सोबत घेतली आणि बादशहासाठी रत्नजडित लांब नळी तयार करून घेतली. नळीच्या टोकाला यमनी अकीक होता आणि तंबाखू जाळायला सोन्याची वाटी.

पुढची हकीकत असद बेगनेच लिहून ठेवली आहे. अकबराने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. शाही हकिमाने लगेच अडवले. आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत या वनस्पतीचा उल्लेख नाही, तेव्हा पारख झाल्याशिवाय बादशहाने ती घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. असद बेगने प्रतिवाद केला की जगातली प्रत्येक रीत केव्हातरी नवीनच असते. अकबराने सवय लावून घेतली नाही. दरबारातल्या अमिरांनी मात्र असद बेगकडे तंबाखू मागायला सुरुवात केली आणि पाहता पाहता व्यापाऱ्यांनी ती विकायला आणली.

तंबाखू दरबारात औषध म्हणून आली, नजराणा म्हणून दिसली आणि अमिरांच्या बैठकीत रुजली. पुढे हुक्का तर पाहुणचाराचे चिन्हच झाला. एखाद्याला बिरादरीबाहेर काढायचे झाले तर ‘हुक्का-पाणी बंद’ हा शब्द आला. हुक्का ओढणे म्हणजे चारचौघांत बसण्याचा हक्क असणे, हा अर्थ त्या शब्दात मुरलेला आहे. धूर प्रतिष्ठेशी किती काळ जोडलेला राहिला, हे आपल्या भागातही दिसते. महागावच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांची पाइपसह असलेली छबी जुन्या पिढीला आजही आठवते.

जहांगीरचा हिशेब

अकबरानंतर गादीवर आलेल्या जहांगीरने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. लोकांच्या प्रकृतीवर तिचा वाईट परिणाम होतो, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. इराणच्या शाह अब्बासनेही अशीच बंदी घातली होती. गंमत अशी की जहांगीरने इराणला पाठवलेला वकील खान आलम हाच तंबाखूचा शौकीन निघाला आणि शाह अब्बासला त्याच्यासाठी नियम सैल करावा लागला. बंदी कागदावर राहिली आणि हुक्का बैठकीत.

याच जहांगीरने स्वतःच्या दारूविषयी जे लिहिले आहे, ते व्यसन सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. तरुणपणी सुरू झालेले मद्य वाढत वाढत दिवसरात्र मिळून दोनदा गाळलेल्या दारूच्या वीस प्याल्यांवर गेले. हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याने धरावा लागे. तेव्हा हकीम हुमाम यांनी त्याला स्पष्ट बजावले की असेच आणखी सहा महिने चालले तर इलाज उरणार नाही. जहांगीरने ऐकले. सात वर्षांत प्याले वीसवरून सहावर आणले. पण दारू जसजशी कमी झाली, तसतसे अफूचे मिश्रण वाढत गेले, असेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

हा हिशेब जहांगीरबरोबर संपला नाही. आज बिडी-सिगारेट सोडणारे कितीतरी जण खर्ऱ्यावर येतात. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरील लोकांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत ओढणारे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात धुराचे प्रमाण देशाच्या तुलनेत कमी आहे, पण तंबाखूने घर सोडलेले नाही. धूर गेला आणि गालाखाली गोळी आली, तर हकीम हुमाम यांनी हाच इशारा पुन्हा दिला असता.

इस्तंबूल आणि तेहरान

जहांगीरची बंदी सौम्य होती. उस्मानी सुलतान चौथा मुराद याची तशी नव्हती. १६३३ साली इस्तंबूलमध्ये मोठी आग लागली. त्यानंतर त्याने कहवाखाने बंद केले आणि तंबाखूवर मनाई घातली. ओढणाऱ्यांना मृत्युदंड होऊ लागला. त्या काळचा विद्वान कातिब चेलेबी याने १६५६ साली लिहिलेल्या ‘मीझानुल हक’ या ग्रंथात या बंदीचा अनुभव मांडला आहे. सुलतानाची सक्ती जितकी वाढली तितकी लोकांची ओढ वाढली, असे त्याचे निरीक्षण होते. बगदादच्या मोहिमेत ओढणाऱ्यांना सुलतानासमोर मारले जात असताना काही शिपाई बाहीत लपवलेल्या आखूड नळीने तिथेच झुरके घेत होते, असेही तो नोंदवतो.

मान कापली जाण्याची भीती ज्या सवयीला थांबवू शकली नाही, तिला पाकिटावरचे भयाण चित्र एकट्याने थांबवेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. इशारे, कर, सार्वजनिक जागेतली मनाई यांचा उपयोग निश्चित होतो. नवी मुले त्यामुळे दूर राहतात आणि इतरांना धूर सोसावा लागत नाही. पण ज्याला सवय लागली आहे, त्याच्या मनाला भीतीने ताण येतो आणि ताण आला की त्याचा हात खिशाकडे जातो.

आता दुसरे टोक पाहू. एक अख्खा देश खरोखरच तंबाखू सोडतो, असे इतिहासात घडले आहे. इराणच्या नासिरुद्दीन शाहने १८९० साली मेजर टॅल्बट या इंग्रजाला देशातल्या तंबाखूचे उत्पादन, विक्री आणि निर्यात यांचा पन्नास वर्षांचा मक्ता दिला. शेतकरी आणि व्यापारी दोघेही परक्या कंपनीच्या मुठीत गेले. शीराझ, तब्रीझ इथे लोक उठले. पूर्वी काही काळ हैदराबाद दख्खनमध्ये राहून गेलेले जमालुद्दीन अफगाणी यांनी सामर्‍यात राहणाऱ्या मिर्झा हसन शीराझी यांना पत्र लिहून हस्तक्षेपाची विनंती केली. डिसेंबर १८९१मध्ये शीराझींच्या नावाने फतवा आला आणि तंबाखूचा वापर निषिद्ध ठरला. दुकाने बंद झाली. घराघरांतले कलियान, म्हणजे इराणी हुक्के, बाजूला ठेवले गेले. शाहच्या जनानखान्यातही कुणी कलियान पेटवायला तयार होईना. शाहला मक्ता रद्द करावा लागला आणि कंपनीला पाच लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली.

जानेवारी १८९२मध्ये मनाई उठवण्यात आली आणि इराणने पुन्हा कलियान पेटवले.

राजकीय लढा म्हणून ही तहरीक पूर्ण यशस्वी झाली. तंबाखू सोडवणे हा तिचा हेतूच नव्हता, त्यामुळे त्या बाबतीत तिला अपयशी म्हणणेही योग्य नाही. आपल्याला तिच्यातून दोन गोष्टी मिळतात. लाखो माणसे एका दिवसात तंबाखू थांबवू शकतात, म्हणजे ती शरीराला अशक्य गोष्ट नाही. दुसरे, ज्या कारणासाठी थांबवली ते कारण संपले की जुनी जागा मोकळीच असते आणि जुनी सवय तिथे येऊन बसते. मुलाच्या शपथेखातर, डॉक्टरच्या धाकाने किंवा वर्गणीच्या पैजेवर सोडलेली बिडी काही दिवसांनी परत येते, त्याची चाल तेहरानसारखीच असते.

आपल्या रानातले पान

बिडीचा इतिहास तर आपल्या अगदी जवळचा आहे. १८९९च्या दुष्काळाच्या काळात गुजरातेतून मध्य प्रांतात आलेल्या कुटुंबांनी तेंदूच्या पानात तंबाखू वळून विकायला सुरुवात केली. जबलपूर, गोंदिया, भंडारा, कामठी या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. उन्हाळ्यात रानातून तेंदूपत्ता तोडायचा, पुडे बांधायचे, वाळवायचे आणि घरोघरी बिड्या वळायच्या, ही साखळी विदर्भाच्या गरिबांच्या पोटाशी जोडली गेली. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगारेटवर बहिष्कार पडला आणि बिडीचा खप वाढला. पुन्हा तेच झाले. एक धूर सोडला, दुसरा धरला.

या धंद्याची किंमत वळणाऱ्या हातांनी मोजली. कामठीत बाबू हरदास यांनी बिडी कामगारांना संघटित केले, तेव्हा मजुरीची लूट हा मुख्य प्रश्न होता. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. राज्यात सोलापूर, संगमनेर, सिन्नर, कामठी अशा अनेक ठिकाणी बिडी वळणाऱ्या स्त्रियांमध्ये मुस्लिम स्त्रियांची संख्या मोठी राहिली आहे. त्या ओढत नाहीत, पण तंबाखूची धूळ त्यांच्या छातीत जाते. म्हणून तंबाखूविरुद्ध बोलताना या बायांच्या पर्यायी रोजगाराविषयीही बोलावे लागते. त्यांच्या हातातले काम काढून रिकामे हात ठेवणे हीसुद्धा तीच चूक आहे.

तलफ म्हणजे काय

बिडीचा झुरका घेतला की निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिथे डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. साधारण दोन तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते. मग चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे सुरू होते. पुढची बिडी ही बेचैनी मिटवते आणि माणसाला वाटते, बिडीने ताण घालवला. खरे तर त्या ताणाचा मोठा भाग आधीच्या बिडीनेच आणलेला असतो. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे त्यात दिसले.

पण हे समाधान सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी मिळत नाही. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात आणि त्रास दोन ते चार आठवडे रेंगाळतो. मेंदूला आयते मिळणारे सुख बंद झालेले असते आणि साध्या गोष्टींतून सुख घेण्याची सवय मोडलेली असते. हा मधला महिना कोरडा जातो. या कोरड्या महिन्यासाठी ओल आधी साठवावी लागते. सोडण्याची तयारी म्हणजे मुख्यतः हेच.

रोजा आणि इफ्तारनंतरची बिडी

आपल्या समाजाला या बाबतीत एक मोठा अनुभव दरवर्षी मिळतो. रोजात धूम्रपान चालत नाही, यावर उलेमांमध्ये वाद नाही. दिवसाला वीस बिड्या ओढणारा माणूसही रमजानमध्ये तेरा-चौदा तास एकही ओढत नाही. दर दोन तासांनी निम्मे हा हिशेब धरला, तर चौदा तासांत रक्तातले निकोटिन शंभरात एका भागाच्याही खाली येते. म्हणजे इफ्तारच्या वेळी शरीराने अर्धी लढाई मारलेली असते. मग खजूर, पाणी, मगरिब आणि मशिदीबाहेर पहिली बिडी. दिवसभर खाली आणलेले सगळे त्या एका बिडीने पुन्हा वर जाते.

दिवसा हे जमते ते एकट्या इच्छाशक्तीच्या बळावर नव्हे. शाबानपासूनच मनाची तयारी सुरू होते. पहाटे नियत केलेली असते. घरातले, मोहल्ल्यातले सगळे सोबत असतात. दिवसाला नमाजच्या वेळांचा आधार असतो. शेवटी इफ्तारचा खरा, हक्काचा आनंद वाट पाहत असतो. ही सगळी रचना रात्री सैल पडते आणि ईदनंतर संपते. जो रमजानमध्ये सोडू पाहतो त्याने दिवसाची नव्हे, इफ्तारनंतरच्या दोन तासांची योजना करावी: तरावीहपर्यंत कुणासोबत बसायचे, चहा कुठे घ्यायचा, कोणत्या रस्त्याने चालत जायचे.

इस्लामच्या आरंभीच्या काळात दारूची मनाई एका झटक्यात आली नाही, असे तफसीरकार सांगतात. आधी तिच्या फायद्यापेक्षा नुकसान मोठे असल्याची जाणीव दिली गेली, मग नशेत नमाजजवळ जाण्यास रोखले गेले आणि शेवटी पूर्ण मनाई झाली. मधल्या काळात दिवसाची रचना बदलली होती, नवी संगत तयार झाली होती. अखेरचा आदेश आला तेव्हा लोकांनी मदिन्याच्या गल्ल्यांत दारू ओतून दिली, अशी परंपरा आहे. आदेशाइतकेच महत्त्व त्याआधीच्या तयारीला आहे.

खंजिरी, बासरी आणि कागदाचे पक्षी

विदर्भातही हे शहाणपण रुजलेले आहे. अमरावती जिल्ह्यातले दोन संत याची साक्ष देतात. गाडगे महाराज व्यसनांवर कडक बोलत, पण आधी गावात जाऊन हातात खराटा घेत आणि रात्री लोकांना हसवत, गाववत कीर्तनात बसवत. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या कामात सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, व्यायाम आणि खंजिरीवरची भजने होती. माणूस ज्या संध्याकाळी चिलमीपाशी किंवा दारूपाशी बसला असता, ती संध्याकाळच त्यांनी भरून टाकली. आपल्याकडे मिलादच्या बैठका, कव्वालीच्या रात्री, आर्णीच्या बाबा कंबलपोश दर्ग्यावरची सर्वधर्मीय गर्दी हेही याच जातीचे आनंद आहेत. तिथे जाऊनही पुन्हा ठेल्यावरच उभे राहायचे की आत बसायचे, हा प्रश्न आपला आहे.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचट यांनी लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदत पुढे केली आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभे केले. दारू आणि गर्द यांच्या विळख्यातल्या माणसांसाठी ते होते. तिथे औषधांच्या जोडीला व्यायाम, योग, गटात मोकळे बोलणे आणि गाणी यांना महत्त्वाची जागा मिळाली. स्वतः अवचट ओरिगामी करत, बासरी वाजवत, लाकूड कोरत, चित्रे काढत. छंदांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. व्यसनाच्या इतक्या जवळ काम करणाऱ्या माणसाने छंदांना एवढे गंभीरपणे घेतले, हे योगायोगाने झाले नसावे. कागदाचा पक्षी घडवायला दोन्ही हात लागतात आणि लक्षही लागते. तेवढा वेळ बिडीला जागा नसते.

गडचिरोलीत २०१६ पासून दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू झाले. डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट त्यात एकत्र आले. तिथेही गावागावातल्या लोकांच्या संघटना हा कामाचा पाया आहे. राज्य सरकारने जुलै २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी पुड्या मिळत राहिल्या, हे आपण सगळे जाणतो. कायद्याला गावाची सोबत मिळाली तरच तो ठेल्यापर्यंत पोहोचतो.

महागावात तयारी कशी करायची

या इतिहासातून एक साधी पद्धत निघते. सोडण्याची तारीख आजची ठेवू नका. दोन-तीन आठवडे पुढची ठेवा. पेरणीचा हंगाम किंवा कापूस विकण्याची धावपळ टाळा.

पहिल्या आठवड्यात बिडी कमी करायची गरज नाही, तिची नोंद करायची. खिशात छोटी वही ठेवा आणि प्रत्येक बिडीला तीन गोष्टी लिहा: वेळ, सोबत कोण, मनात काय. चार दिवसांत चित्र स्पष्ट होते. काही बिड्या थकव्याच्या असतात, काही रागाच्या, काही एकटेपणाच्या, काही केवळ चहाच्या आणि मित्राच्या.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकीला जोडीदार शोधा. थकव्याच्या बिडीला झाडाखाली आडवे पडण्याची पाच मिनिटे द्या, आणि घरच्यांना सांगा की ही विश्रांती कामचोरी नाही. रागाच्या बिडीला चालणे द्या. भरभर चालल्याने तलफ ओसरते, हे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांतच उतरते. एकटेपणाच्या बिडीला फोन द्या, ज्याच्याशी मनमोकळे बोलता येईल अशा एकाच माणसाचा. मित्रांच्या बिडीला मित्रच ठेवा, जागा बदला: ठेल्याऐवजी शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉल, मशिदीच्या ओट्यावर फज्रनंतरच्या गप्पा, पैनगंगेकडची सकाळची फेरी. कुणाला वाचन जमेल, कुणाला शेळ्या सांभाळणे, कुणाला परसात भाजी लावणे, कुणाला नातवाला सायकल शिकवणे. हे आनंद बिडी सोडण्याच्या आधी सुरू व्हायला हवेत. कोरड्या महिन्यात नवा छंद लागत नाही. आधी लागलेला असेल तर तो हात देतो.

पैशाचाही आनंद असतो. रोज तीस रुपयांची बिडी-खर्रा धरली तर वर्षाला १०,९५० रुपये होतात. ते डब्यात दिसले पाहिजेत आणि कशासाठी साठवतो हे घरातल्या मुलांनी ठरवले पाहिजे.

बायांच्या तंबाखूविषयी आपण बोलतच नाही. मिसरी किंवा चुना-तंबाखू घेणाऱ्या बाईलाही ती पाच मिनिटांची सुटकाच देत असते. तिला ‘छंद शोध’ म्हणण्याआधी घरच्या पुरुषांनी तिच्या दिवसातला अर्धा तास मोकळा करून द्यावा लागेल. पाणी भरणे, भांडी, पोरांचे सगळे तिच्याच अंगावर ठेवून तिच्या व्यसनावर उपदेश करणे फुकट आहे.

आणि जहांगीरचा हिशेब करू नका. बिडीच्या जागी खर्रा, खर्ऱ्याच्या जागी गुटखा असे करू नका. ज्यांची सवय जुनी आणि जड आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून निकोटिनची चघळायची गोळी किंवा औषध घ्यावे. त्यात कमीपणा नाही. फार उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर ते एकट्याने सोसू नये, डॉक्टरांना सांगावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे.

उशीर झाला असे मानू नये. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षे चालवलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली आले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती जवळजवळ सगळी दहा वर्षे परत मिळवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन.

तीन वर्षे म्हणजे कापसाचे तीन हंगाम, तीन रमजान, तीन ईद. साठीतल्या माणसालाही ती मिळू शकतात. त्यासाठी आज रात्री बिडी फेकायची गरज नाही. आज वही घ्यावी आणि उद्याची पहिली बिडी कशासाठी पेटली, एवढे तिच्यात लिहावे.